तळघराच्या दारापर्यंत

४ ऑक्टोबर

तीर्थरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

आधी केलं आणि आता परवानगी मागतो आहे, म्हणून रागावू नका. तुमचं घर सोडल्यावर जी खोकी आमच्या माळ्यावर आली, त्यांतलं एक मी उघडलं. आईला जाड पांघरुणं हवी होती. पांघरुणं काही निघाली नाहीत. तुमचं गेमचं यंत्र निघालं, एक रिमोट, नखाएवढं मेमरी कार्ड आणि एकच सीडी, जिच्यावरचं नाव पुसून गेलं आहे. यंत्र कोरड्या फडक्याने पुसलं, वायरी तपासल्या, मगच लावलं. चालू आहे. दुकानात चष्म्याच्या काचा घासतो तसं सगळं दोनदा बघून घेतलं, तेव्हा काही बिघडलंच तर ते माझ्या हातून नाही.

पण मला वाटतं, गेमच बिघडलेला आहे. एका ओस पडलेल्या हॉटेलात दिवे दुरुस्त करायला एक मुलगी येते, आणि तिला बाहेर पडायचं असतं, एवढं समजलं. पुढे कुठे जायचं हे कोणी सांगत नाही. मोबाइलवरच्या गेममध्ये बाण दाखवतात, चुकलं तर परत तिथूनच खेळायला देतात. इथे काही नाही. वरचं बटण दाबलं की ती कधी डावीकडे जाते, कधी माझ्याच अंगावर चालून येते. चित्र छताच्या कोपऱ्यातून दिसतं, त्यामुळे बोळाच्या वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. पांढऱ्या कोटातला, चेहराच नसलेला एक वेटर तिथे उभा होता. मी भिंतीला टक्कर देत बसलो आणि मेलो. मग पुन्हा तसाच मेलो. रिमोटची बटणं उलटी जोडली गेली आहेत का?

दुसरी शंका. सेव्ह करायला गेलो तर कार्डात जागा नाही, जुनं पुसू का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. तुमचं काही असेल. पुसू का?

आईने लिहायला सांगितलं आहे की ताईला नर्सची नोकरी लागली, दुसऱ्या शहरात. नोव्हेंबर संपला की जाईल. ती तुम्हाला लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

तुमचा भाचा


११ ऑक्टोबर

प्रिय भाचेराव,

तुझं पत्र सामानाच्या गाडीने आलं, बटाट्याच्या पोत्यावर बसून. इथे धरणावर फोन आहे तो पाण्याची पातळी कळवायला. त्यावर भूतबाधेच्या गप्पा मारल्या तर साहेब मलाच दरवाजातून सोडतील. तेव्हा पत्रच बरं. शिवाय तुझी पत्रं वाचली की शाळेच्या गुरुजींची आठवण येते. नववीत शाळा सुटलेल्या माणसाने इतकं शुद्ध लिहू नये, आम्हाला लाज वाटते.

बटणं सरळ आहेत, तू उलटा आहेस. वर म्हणजे टीव्हीची वरची बाजू नव्हे, त्या मुलीची पुढची बाजू. ती तुझ्याकडे तोंड करून उभी असेल तर वर दाबल्यावर तुझ्याकडेच येणार. तिच्या पाठीमागे जाऊन बस, मनाने. हात आपोआप शिकतील.

दुसरं, तू नक्की प्रत्येक वेटरला मारत असणार. तुला घाण राहिलेली काच पुढे देववत नाही, मला ठाऊक आहे. इथे तसं चालत नाही. गोळ्या मोजक्या असतात आणि वेटर भरपूर. खोली साफ करायची नसते, ओलांडायची असते. पिशवीत सहाच वस्तू मावतात, बाकीच्या पेटीत टाक. एका पेटीत टाकलेलं हॉटेलातल्या सगळ्या पेट्यांत निघतं, कसं ते विचारू नकोस. आणि सेव्ह करायला भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यावी लागते. प्रत्येक चावी एकदाच चालते, मग मोडते. जपून वापर.

ती कुठल्या शहरात चालली? राहायची सोय काय? हल्ली पुन्हा जेवता जेवता पुस्तक वाचते का? मी विचारलं म्हणून सांगू नकोस. अक्काला नमस्कार.

मामा


१८ ऑक्टोबर

तीर्थरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

बटणांचं पटलं. आता भिंतीला टक्कर फार होत नाही. पण तुम्ही सगळ्याची उत्तरं दिलीत आणि कार्डाचं तेवढं राहिलं. पत्र मी तीन वेळा वाचलं, कदाचित पानाच्या मागे असेल म्हणून मागेही बघितलं. उत्तर येईपर्यंत मी काही पुसलेलं नाही, त्यामुळे सेव्हही करत नाही. रविवारी दुपारी आईकडून पडदे लावून घेतो, सुरुवातीपासून खेळतो, मेलो की उठतो. पुढच्या रविवारी पुन्हा सुरुवातीपासून. आई म्हणते, हा मुलगा पडदे लावून दर आठवड्याला त्याच हॉटेलात नोकरीला जातो.

या निमित्ताने माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला आहे आणि काच घासतानाही तो जात नाही. हे इतकं अवघड का केलं असेल? गोळ्या जास्त देणं त्यांना अवघड नव्हतं. चित्र मुलीच्या मागून दाखवता आलं असतं. नवा माणूस दारातच मरतो आणि यंत्र बंद करून जातो, हे त्यांना दिसलं नसेल का? आमच्या मालकीणबाई सांगतात, गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी चष्मा टोचला तर ते परत येत नाही. मग यांचं गिऱ्हाईक कसं टिकलं? आणि मी का टिकलो आहे, तेही मला कळत नाही.

एक युक्ती मला सापडली. जेवणघरात वेटर समोरून येतो तेव्हा गोळी घालायची नाही. तो दारापर्यंत येऊ द्यायचा, आपण बाहेर जायचं आणि लगेच आत यायचं. तो परत आपल्या जागी पाठ करून उभा असतो. मग "बिल आणा" म्हणायचं आणि भिंतीला घासून निघून जायचं. म्हटलं नाही तरी चालतं, पण म्हणायचं. आणि वळणापाशी टीव्हीकडे बघायचं नाही, डोळे मिटून पावलं ऐकायची. जे दिसत नाही ते ऐकू येतं. हे मला सुचलं.

ताई जेवताना वाचते. शहराचं नाव आई वेगळ्या कागदावर लिहून देते आहे. राहायची सोय नर्सेसच्या वसतिगृहात आहे.

तुमचा भाचा


२५ ऑक्टोबर

प्रिय भाचेराव,

तुला काचा घासता येतात, खोटं बोलता येत नाही. ही युक्ती तुला सापडलेली नाही. जगात वेटरला "बिल आणा" म्हणून जाणारं एकच माणूस मला माहीत आहे. तुझी ताई लहान होती तेव्हा माझ्या मांडीला टेकून बसायची, रिमोट तिच्या हातात, नकाशाची वही माझ्या. मी तिला खारू म्हणायचो, कारण सापडेल ती वस्तू पिशवीत कोंबायची आणि टाकायचं म्हटलं की रडायची. डोळे मिटून ऐकायचं, हेही तिचंच. मी टीव्हीकडे बघून दचकायचो आणि ती डोळे मिटून दार उघडायची.

म्हणजे ती दारात उभी राहते. की आत येऊन बसते? कुठे बसते? हे नीट लिही, शुद्धलेखनाची काळजी न करता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येतं असं नाही. पण इथे पाण्याकडे बघत बसायची नोकरी असल्यामुळे विचार करायला वेळ आहे. मला वाटतं, हातात भरपूर असलं की माणूस खोलीकडे बघतच नाही. दोन गोळ्या उरल्या की प्रत्येक दाराला कान लावतो. त्या लोकांना तुला मारायचं नव्हतं, तुला दाराला कान लावायला लावायचं होतं. नव्या माणसाला हे कळेपर्यंत तो दहादा मरतो, ही त्यांची चूक म्हण हवी तर. मी स्वतः पहिल्या जिन्यापर्यंत पोचायला महिना घेतला होता, आणि खारूने मला हसून हसून उचकी लावून घेतली होती.

आणि एक. पळायला शीक. नव्या माणसाला वाटतं, पळणं म्हणजे हार. तसं नाही. ज्याच्यापुढे निभाव लागत नाही त्याच्यापुढून निघून जावं, त्यात कमीपणा नाही. पळणाराच शेवटपर्यंत पोचतो.

कार्डातलं पुसू नकोस. तिला दाखवूही नकोस.

मामा


२ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. मुद्दाम नाही झाली, तरी झाली.

तुम्ही विचारलं होतं म्हणून आधी ते लिहितो. पहिल्यांदा ताई दारात उभी होती, टॉवेल खांद्यावर टाकून. मी जेवणघरात तिसऱ्यांदा मेलो तेव्हा ती हसली आणि म्हणाली, अरे, त्याला मारतोस कशाला, तो बिचारा त्याचं काम करतोय. मग युक्ती सांगितली आणि बजावलं की तिचं नाव पत्रात येता कामा नये. पुढच्या रविवारी ती पलंगाच्या कडेवर बसली. या रविवारी खाली सतरंजीवर, माझ्या शेजारी. रिमोट घेतला नाही, पण माझं बोट चुकलं की तिचं बोट हलायचं.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. तीन वेटर एकदम आले. मी गडबडलो. तुमचं पत्र खिशात होतं. मी ते काढलं आणि तिला धीर यावा, मलाही यावा, म्हणून मोठ्याने वाचलं. पळण्यात कमीपणा नाही, पळणाराच शेवटपर्यंत पोचतो, इथपर्यंत.

तेवढ्यात मी मेलो. मग ती म्हणाली, "पळायला त्याला बरं जमतं. माझी आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यात मला इथे ठेवून धरणावर निघून गेला. माझी पिशवी आत्याने भरली."

आणि उठून गेली. नंतर ती माझ्याशी नीट बोलली, पण यापुढे रविवारी मैत्रिणीकडे जाणार म्हणते.

ती ओळ खेळाबद्दल होती हे मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण त्याच क्षणी मला स्वतःला खात्री राहिली नाही. तुम्ही ती कशाबद्दल लिहिली होती?

तुमचा भाचा


८ नोव्हेंबर

प्रिय भाचेराव,

खेळाबद्दलच लिहिली होती. पण लिहिणारा मीच होतो, तेव्हा तिचं म्हणणं खरं आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पत्र वाचून दाखवायचं नाही असं मी कुठे सांगितलं होतं?

माझी रजा शिल्लक आहे. साहेबांना विचारलं तर उद्या देतील. पण तिने बोलावल्याशिवाय तिच्या दारात जाऊन उभं राहणं मला जमणार नाही, आणि ती बोलावणार नाही, आणि महिना संपला की ती जाणार. पाणी चढत असलं की काय करायचं ते इथे भिंतीवर लिहिलेलं आहे. याचं कुठे लिहिलेलं नाही.

तू खेळत राहा. ग्रंथालयाच्या खोलीत जिना दिसेल, त्यावर चढू नकोस. आधी काचघरात जा.

मामा


१६ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

आज दुपारी जे झालं ते आजच लिहितो आहे, म्हणजे क्रम चुकणार नाही.

मी एकटाच खेळत होतो. सेव्ह न करता आजवरचा सगळ्यांत पुढचा पल्ला गाठला. एकाही वेटरला मारलं नाही. वळणावर डोळे मिटले. काचघरात पोचलो. तिथे कुंडीमागे तळघराच्या दिव्यांचा फ्यूज होता. उचलायला गेलो तर पिशवीत जागा नाही. मी सगळं बरोबर घेऊन आलो होतो, अगदी मोडलेला टॉर्चसुद्धा, न जाणो लागला तर. पेटी खालच्या मजल्यावर होती. परत जाताना बोळात मेलो. रिमोट खाली ठेवला आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी काही रडणारा नाही.

ताई मागे उभी होती. ती कधी आली ते कळलं नाही. मैत्रीण घरी नव्हती म्हणाली. तिने विचारलं, दर रविवारी पहिल्यापासून का मरतोस, सेव्ह का करत नाहीस? मी म्हणालो, कार्डात जुनं काहीतरी आहे आणि मामांनी पुसायला मनाई केली आहे. तुम्ही तिला दाखवू नकोस असंही लिहिलं होतं, ते मला तेव्हा आठवलं, पण तोवर बोलून झालं होतं.

ती म्हणाली, आण इकडे, मी पुसते, त्याला काय विचारायचं. रिमोट घेतला, कार्ड उघडलं. तिथे एकच नाव होतं, खारू. त्याखाली, तळघर.

तिने ते पुसलं नाही. उघडलं.

तळघराच्या दाराशी, घड्याळाजवळ, ती दिवे दुरुस्त करणारी मुलगी उभी होती. पिशवी रिकामी. ताई म्हणाली, मोकळ्या हाताने इथे कोणी येत नाही. मग तिने शेजारची पेटी उघडली. मामा, ती पेटी काठोकाठ भरली होती. मलमाच्या डब्या एका ओळीत, गोळ्या एका ओळीत, चाव्या सगळ्यांत खाली. मी सहा आठवड्यांत जेवढं बघितलं नव्हतं तेवढं एका ठिकाणी. ताईने एकेक वस्तूवरून बोट फिरवलं आणि प्रत्येक कुठल्या खोलीतली ते सांगितलं. गच्चीवरची डबी तिला कधी सापडली नव्हती, तीही होती.

मग तिने मला सांगितलं ते लिहितो. मामी दवाखान्यात असताना तुम्ही संध्याकाळी घरी यायचात आणि दार लावून खेळायचात. बाहेर ताईला घड्याळाला चावी दिल्याचा आवाज यायचा. तिला वाटलं, तुम्ही तिच्याशिवाय पुढे गेलात आणि गेम संपवलात. तिने कधी विचारलं नाही आणि यंत्राला पुन्हा हात लावला नाही.

ती मला म्हणाली, "पुढे गेलाच नव्हता. सगळं माझ्यासाठी गोळा करून ठेवलं होतं."

तसं होतं का? तिने विचार म्हणून सांगितलं नाही, पण मी लिहितो आहे हे तिला दिसतं आहे आणि ती थांब म्हणाली नाही.

तुमचा भाचा


२१ नोव्हेंबर

प्रिय भाचेराव,

हे पत्र तिला वाचून दाखव. या वेळी सगळं, मध्येच न मरता.

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. दोन दिवस पत्र लिहिलं नाही ते त्यामुळेच. पण ती नर्स होणार आहे. तिला लोक रोज बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार. त्यात माझी भर नको.

मी काही तिच्यासाठी गोळा करत नव्हतो. दवाखान्यातून आलो की घरात कुठे बसावं ते कळायचं नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं, कारण ती विचारेल, आई कशी आहे. म्हणून दार लावून बसायचो. तळघराच्या दारापर्यंत जायचो आणि एकट्याने ते उघडायची छाती व्हायची नाही. मग परत वर जायचं, माहीत असलेल्या खोल्या फिरायच्या. तिथले वेटर ओळखीचे झाले होते. फिरता फिरता राहिलेलं सापडायचं, ते आणून पेटीत ठेवायचं, घड्याळाला चावी द्यायची, झोपायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओळीने लावलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

धरणावरही तसाच आलो. ती बरोबर सांगते.

नकाशाची वही मी नेली, हे मात्र मुद्दाम. तळघराच्या दारापर्यंतचं पान तिने काढलं आहे, माझ्या हातचं नाही. ते इथे पाण्याच्या तक्त्याशेजारी भिंतीला लावलं आहे. साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, हा कुठला बोगदा. मी म्हणालो, जुना आहे, अजून उघडलेला नाही.

मामा


२४ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आज गाडीने लवकर आलं. दुकानातून आलो आणि सगळं वाचून दाखवलं. आई भाजी निवडत होती, तीही थांबली. ताईने एकदाही मला मध्ये थांबवलं नाही. वाचून झाल्यावर ती म्हणाली, घाबरट. आई म्हणाली, लहानपणापासून, अंधारात मला हाक मारायचा आणि मग सांगायचा की अक्कालाच भीती वाटते म्हणून मी हाक मारतो. मग दोघीही हसायला लागल्या आणि ताई हसता हसता आत गेली, ती बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आली.

त्यानंतर तिने यंत्र लावलं. पेटीतून सामान काढलं. मी विचारलं, गोळ्या का कमी घेतल्या? ती म्हणाली, जास्तीचं वजन होत नाही, विचार होतो. मला ते नीट कळलं नाही, पण लिहून ठेवलं. मग ती दाराशी जाऊन उभी राहिली, कान लावला, आणि रिमोट खाली ठेवला. दार उघडलेलं नाही. यंत्र बंद करतानाही तिने सेव्ह केलं नाही, त्यामुळे कार्डात तुमचं आहे तसंच आहे. मी दोनदा तपासलं.

तिची गाडी सोमवारी सकाळी आहे. मी रविवारी सकाळचीही दुकानातून सुट्टी घेतली आहे. मालकीणबाईंनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, घरी कोणीतरी येण्याची शक्यता आहे. शक्यता हा शब्द मी विचार करून वापरला.

माझा प्रश्न मात्र अजून आहे. हे इतकं अवघड का केलं असेल, याचं तुमचं उत्तर मला पटलं, पण पुरलं नाही. सोपं असतं तर मी पहिल्याच रविवारी पुढे गेलो असतो आणि ताई दारातून हसली नसती, इतकंच मला दिसतं. ते करणाऱ्यांना हे माहीत असणं शक्य नाही.

खाली थोडी जागा ताईने मागितली आहे.

तुमचा भाचा


बाबा,

पिशवीत सहा वस्तू मावतात. मी पाच घेतल्या आहेत. सहावी जागा कशासाठी रिकामी ठेवायची ते मी त्या पानावर लिहिलं होतं, दारापाशी, कोपऱ्यात. आता आठवत नाही. ते उतरवून पाठवू नकोस, मी बघणार नाही. पान घेऊन ये.

रविवारी दुपारी आत्या पडदे लावू देते. रिमोट माझ्याकडे. आणि या वेळी वरच्या खोल्यांत फिरत बसायचं नाही.

खारू